सीतेच्या गोळ्यांची पेटी

३ मे २०२५, पोंभुर्णा

नवी वही. सुरुवातीलाच लिहून ठेवतो, की मी माझ्या हातानं काय काय केलं.

घराचं दार आणि चौकट, सागाची, सांध्यात एकही खिळा नाही. जळालेल्या मोटरीची तार गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या चाकावर चालणारं. माझं दुकान त्याच्यावरच उभं आहे. कोंबडीची अंडी उबवायची पेटी, अर्ध्या अंशाचाही फरक पडू न देणारी. सायकलच्या आऱ्यांचा तराजू, कागदाचा कपटासुद्धा तोलतो. बिघडलेल्या सीडी प्लेअरचं भिंग काढून केलेलं सूक्ष्मदर्शक. त्यातून मुंगीचा डोळा दिसतो. ज्याला पाहायचा असेल त्यानं यावं, अजून कोणी आलेलं नाही. माझ्या बायकोच्या, सीतेच्या, उंचीचा स्वयंपाकाचा ओटा. आणि मागच्या महिन्यात पुरी झालेली थंड पेटी.

शाळा नववीपर्यंत. बाकी सगळं खोलून-जोडून शिकलो.

पेटीबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण अशी दुसरी नाही. सागाचा सांगाडा, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, वर पाण्याचं डबडं, त्यातून थेंब थेंब ताट्यांवर. मागे छोटा पंखा, सौर पॅनेलवर चालणारा. विजेचं काम नाही. आज बाहेर सेहेचाळीस अंश, आत सत्तावीस. सीतेच्या गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं आहे, 'थंड व कोरड्या जागी ठेवा.' चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात थंड जागा कुठून आणायची? ती मी आणली.

गोळ्या मिरगीच्या. नाव कार्बामाझेपिन, सरकारी दवाखान्यातून मिळतात. सीता वर्षानुवर्षं घेते आहे, सकाळ-संध्याकाळ एक-एक, आणि लोक विसरून गेलेत की हिला कधी झटके यायचे. चंदेरी पत्त्यातून गोळी काढताना ती निम्म्या मोडते, म्हणून आता महिन्याभराच्या गोळ्या मीच सोलतो आणि पेटीतल्या खणांत भरतो. प्रत्येक तारखेला दोन खण. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. विचारायची गरज पडत नाही.

सीता म्हणाली, "पत्त्यातच राहू द्या ना. मी तुमच्या दुकानातला नट-बोल्ट हावो का?"

हसली. मीही हसलो.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात खीर वाटत असताना सीतेला झटका आला. हातातलं पातेलं सुटलं. खीर तिच्या पांढऱ्या साडीवर, तिचं डोकं फरशीवर. मी तिला कुशीवर वळवलं, मानेखाली उपरणं घातलं. बायका भोवती उभ्या राहिल्या. कोणी चप्पल हुंगवा म्हणालं, कोणी कांदा आणा म्हणालं. मी ओरडलो, "हवा येऊ द्या!"

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? "खीर सांडली का जी?"

घरी आल्यावर मी खण पाहिले. सगळे बरोबर रिकामे. कुठे चूक नाही.

१९ मे

परवा पुन्हा, न्हाणीत. आज सकाळी चुलीजवळ. डावा हात मनगटापर्यंत भाजला. आज मी दोन पावलांवर होतो. नसतो तर काय, ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी दोनाच्या तीन गोळ्या केल्या. नवे पत्ते दिले. मी विचारलं, इतकी वर्षं दोन पुरल्या, आत्ताच काय झालं? डॉक्टर म्हणाले, "बाई रोज घेतात ना नक्की? पुष्कळदा लोक चुकवतात."

हे मला पटलं. बाकी सगळं जागच्या जागी आहे. औषध तेच, मात्रा तीच, आणि ठेवण तर आधीपेक्षा चांगली. राहिली एकच गोष्ट जी मी स्वतः पाहिलेली नाही: गोळी खणातून तोंडात आणि तोंडातून पोटात जाते का.

२१ मे

संध्याकाळची गोळी मी हातानं दिली. पाणी दिलं. मग म्हटलं, तोंड उघड.

"काऊन?"

"उघड."

उघडलं. बॅटरी लावून पाहिलं. जीभ वर कर म्हटलं, केली. काही नव्हतं. तरी मनाचं पूर्ण समाधान झालं नाही, गालाच्या आत लपवता येते. उद्याही पाहीन.

सीता जेवली नाही. हात दुखत असावा.

२४ मे

कुलदीप आला होता, सीतेचा धाकटा भाऊ. माजरीला कोळसा खाणीत डंपरवर आहे. खाणीच्या कॉलनीत क्वार्टर आहे. तिनंच फोन केला असणार. जीप घेऊन आला.

"ताईले घेऊन चाललो जी, भाऊजी. थोडे दिवस."

मी म्हटलं, तिकडे गोळ्या कोण पाहील? इथे तिन्ही वेळा मी स्वतः तपासतो.

"तेच तं," तो म्हणाला. "ताई काई मोटर नाई, बिघडली का खोलून पाहाले."

बोलण्यात तो पहिल्यापासून असाच आहे. सीता पिशवी घेऊन बाहेर आली. दवाखान्यातून आणलेले नवे पत्ते अजून सोलायचे होते. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा, खणांसकट कप्पा काढून देतो.

"नोको," ती म्हणाली. "ह्या मले अशाच राहू द्या. मोडल्या तं मोडल्या."

पेटीचं पाणी बदललं. आत जुन्या दहा गोळ्या आहेत, राहू दिल्या.

२८ मे

भाजी एकाच माणसाची करता येत नाही. किती कमी केली तरी उरते.

दुपारी चंद्रपूरचे गुणवंतराव आले. बोअरच्या मोटरी माझ्याकडेच गुंडाळायला टाकतात, पुरवठ्याची कंत्राटं घेतात. पाणी प्यायला आत आले आणि पेटीसमोर उभेच राहिले. हात घालून पाहिला, पुन्हा घातला.

"अरे यार हरिदासभाऊ, हे तं कमालच हाय! फ्रिज नाई, लाईट नाई!"

एका संस्थेला अहेरी, भामरागडच्या गावांत औषधं ठेवायला काहीतरी हवं आहे, उन्हात गोळ्या खराब होतात. त्यांच्याकडे अजून कोणाजवळ असं काही नाही. "हे मी दाखवतो त्यायले. पैशाचं मंग बोलू. पेटीवर तुमचं नाव टाकू, पितळेच्या पाटीवर."

ते गेल्यावर मी हाक मारली, "सीते, ऐकलंस का?" सवय.

२ जून

विचार करून एका निष्कर्षावर आलो आहे. सीता गोळ्या घेत होती. माजरीला गेल्यापासून, नव्या पत्त्यांवर, तिला एकही झटका नाही, काल कुलदीपनं सांगितलं. म्हणजे आधीच्या गोळ्या बनावट होत्या. कारखान्यानं फसवलं. आता हे सिद्ध करायचं.

यंत्र केलं. अंड्यांच्या पेटीत काचेचं भांडं, पाणी माणसाच्या अंगाइतकं कोमट. वर लग्नाच्या मंडपातल्या फिरत्या दिव्याची मोटर, ती संथ फिरते. तिला चहाची गाळणी बांधली, गाळणीत गोळी. पोटात असंच होत असावं.

थंड पेटीतली पहिली गोळी टाकली. पाऊण तास फिरली. चिंचोका फिरावा तशी. कडा जराशा झिजल्या, बस्स. दुसरी, तिसरी, तेच. बोटानं दाबली तर नखाला लागली.

जेवण विसरलो. बरेच दिवसांनी एवढा आनंद झाला.

५ जून

दवाखान्यात औषधं देणाऱ्या पुनम मॅडमकडे गेलो. तिशीच्या आत आहेत, पण शिकलेल्या आहेत आणि ते लपवत नाहीत. मी सगळं सांगितलं, यंत्राचं चित्र काढून दाखवलं. गोळ्या कागदाच्या पुडीत होत्या.

"पत्ता कुठी हाय, भाऊ?"

मी म्हटलं, पत्ता नाही, पण त्याच्यावरचा क्रमांक पाठ आहे. म्हणून दाखवला. त्यांनी कपाटातून खोकं काढलं, त्याच क्रमांकाचा एक पत्ता काढला आणि दोन गोळ्यांचा तुकडा कापून दिला. "ह्या त्याच घाण्यातल्या. तुमच्या मशीनमंदी फिरवून पाहा. मंग कारखान्याले शिव्या देऊ."

निघताना म्हणाल्या, "घरी गोळ्या ठेवता कशात?"

मी पेटीचं वर्णन केलं. वाळा, पाणी, पंखा. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"सिमेंटची गोणी त्या पेटीत ठेवान का?"

मी म्हटलं, सिमेंट आणि औषध यांचा काय संबंध?

"हे औषध पाणी धरते, भाऊ. औषध तेच राहते, पण कणाची बांधणी बदलते. कोरडं असते तवा त्याचा स्फटिक एक तऱ्हेचा. ओलाव्यात राह्यलं का पाण्याले आपल्या आत घेऊन बसते, मंग दुसऱ्या तऱ्हेचा स्फटिक होते, सुईवानी. गोळी कडक होते. पोटात विरघळाले वेळ लागते, अर्धं काम करते, अर्धं तसंच निघून जाते. बाईनं गोळी घेतली तरी तिच्या रक्तात पोचली नाई."

रांगेतले लोक ऐकत होते. मी म्हटलं, पेटीत सत्तावीस अंश असतात, मोजून.

"थंड ठेवली, हाव. कोरडी कुठी ठेवली?"

मी निघून आलो. पुस्तकात वाचलेलं बोलणं सोपं असतं.

६ जून

त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक गाळणीत टाकली. पंख्याचं बटण लावून परत येईपर्यंत तिचा भुगा झाला होता. पाणी दुधाळ.

त्यांनी मुद्दाम दुसऱ्या घाण्याची दिली असेल.

७ जून

नाही. क्रमांक मी स्वतः वाचला होता.

राहिलेली गोळी तराजूच्या एका पारड्यात ठेवली, पेटीतली एक दुसऱ्यात. पेटीचं पारडं खाली गेलं. अदलाबदल केली, तरी पेटीचंच. हात लावला तर दोन्ही सारख्याच कोरड्या.

मग तुरटी आठवली. तुरटीचा खडा कोरडा असतो, पण तव्यावर टाकला की पाणी सोडून फसफसतो, फुलून लाही होते. म्हणजे खड्यात पाणी असतं, ओल नसते. हे मी लहानपणापासून पाहत आलो आणि कधी त्यावर विचार केला नाही.

सूक्ष्मदर्शक काढलं. नव्या गोळीची पाठ साखर सांडावी तशी, दाणेदार. पेटीतल्या गोळीवर सुया. बारीक, उभ्या, एकमेकींत घुसलेल्या, कुसळांसारख्या. फार सुंदर दिसतात. कोणाला तरी दाखवावं असं वाटलं.

अजून शंभर टक्के खात्री झाली असं मी म्हणणार नाही.

९ जून

सकाळी कुलदीपचा फोन. आवाज चढलेला.

"भाऊजी, ताई भिंत धरून चालून राह्यली. एका माणसाचे दोन-दोन दिसते तिले. सकाळी ओकली. झटके नाई, पण हे काय नवंच? इथले डॉक्टर म्हणते डोक्याचा फोटो काढा लागन. नागपूरले नेऊ का?"

मी विचारलं, गोळ्या किती घेते?

"तीन. सांगतल्या तशा. माह्यी बायको देते, पत्त्यातून काढून."

फोन ठेवला आणि खाटेवर बसलो. तीन गोळ्या. तीन खऱ्या गोळ्या. डॉक्टरांनी दोनाच्या तीन केल्या त्या माझ्या पेटीतल्या दगडांच्या हिशेबानं. ते दगड आता नाहीत, पण तिनाचा आकडा तसाच आहे. तिला औषध चढतं आहे. हे जगात फक्त मला कळलं आहे, कारण पेटी फक्त मी पाहिली आहे.

कुलदीपला परत फोन लावायला हवा होता. लावला नाही. आधी पेटीतलं पाणी काढलं. मग ताट्या उन्हात उभ्या केल्या. मग दुकानाचं कुलूप तपासलं, जे लावलेलंच होतं. एवढं सगळं केलं मी. मधल्या काळात ती तिकडे ओकत होती.

मग सायकल काढून दवाखान्यात गेलो. रांग मोठी होती. रांगेत उभा राहिलो असतो तर बोलता आलं नसतं, म्हणून खिडकीशी जाऊन तिथूनच मोठ्यानं म्हटलं, "मॅडम, पेटी माझी चुकली. सीता माजरीला नव्या गोळ्या तीन-तीन घेते आहे आणि तिला दोन-दोन दिसतं."

मागून कोणी तरी म्हणालं, "हरिदासभाऊ चुकले? लिहून घ्या रे बाप्पा!"

हसले सगळे. पुनम मॅडम हसल्या नाहीत. उठून डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टरांनी माझ्यासमोर कुलदीपला फोन केला, पुढची गोळी थांबवायला आणि तिला लगेच तिथल्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. मग तिथल्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. 'बॉक्स' हा शब्द दोनदा आला.

१३ जून

सीता बरी आहे. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं, आता पुन्हा दोन गोळ्या. चालते, जेवते. एकाचं एकच दिसतं.

मी जाऊन आलो असतो, पण कुलदीप म्हणाला, "आत्ता नोका येऊ, भाऊजी. तिले आराम करू द्या."

बरोबर आहे. आराम पाहिजे.

२२ जून

पाऊस लागून आठवडा झाला. आज सीतेशी फोनवर सविस्तर बोललो. पहिल्यापासून समजावून सांगितलं: कोरडा स्फटिक, पाणी धरलेला स्फटिक, सुया, तुरटीचं उदाहरण, गाळणीतली गोळी. तिनं मध्ये कुठे तोडलं नाही. मी म्हटलं, म्हणजे तुझा काही दोष नव्हता, हे आता सिद्ध झालं आहे.

"मले माईत होतं जी," ती म्हणाली.

मग म्हणाली, "तुमी माह्यं तोंड उघडून पाह्यलं होतं. बॅटरी लावून. ते कशात बसते?"

मी म्हटलं, तेव्हा पूर्ण माहिती नव्हती, म्हणून. समजली असावी.

मी सांगितलं की खणांचा कप्पा मोडून टाकला आहे, आता पत्ते जसेच्या तसे पत्र्याच्या डब्यात राहतील, झाकणाला रबर लावलं आहे, ओलावा शिरणार नाही.

"बरं केलं."

येतेस कधी, विचारलं.

"पाहू ना. इथी बरं हाय. शेजारच्या बाईकडे शिलाई मशीन शिकून राह्यली मी. गोळी घेतली का नाई, कोणी मोजत नाई."

मी काळजीनं म्हटलं, मोजायला तर पाहिजे, चुकली तर? तर ती हसली. चांगलं, मोकळं हसली, कितीतरी दिवसांनी. तेवढ्यात कुलदीपच्या बायकोनं हाक मारली आणि फोन बंद झाला.

शिलाईसाठी माजरीत राहायची गरज नाही. मशीन मी इथे दुरुस्त करून देऊ शकतो. पुढच्या वेळी सांगीन.

२९ जून

नंदिनीबाईंच्या मिक्सरची मोटर गुंडाळली. शेजारीच राहतात. त्या म्हणाल्या, "सीताबाई कवा येते?" पावसाळा संपला की, म्हटलं. कोणी सांगितलेलं नाही, पण काहीतरी सांगावं लागतं.

वरण उरलं.

४ जुलै

गुणवंतराव आले होते. सोबत टाईप केलेले कागद. संस्थेला पेटी पसंत आहे, फोटोवरच पसंत पडली. मी त्यांना बसवलं, आणि गाळणी, तराजू, भिंग, सगळं दाखवलं. सुया पाहिल्यावर ते म्हणाले, "मस्त दिसते," आणि कागद पुढे केला.

मी म्हटलं, ही पेटी गोळ्या खराब करते.

"साऱ्याच गोळ्या?"

साऱ्या नाही. ही होते. दुसरी कोणती होते, मला माहीत नाही. पातळ औषधाची बाटली ठेवली तर काहीच होणार नाही.

"मंग झालं तं! एक कागद चिकटवू दारावर, गोळ्या पत्त्यातून काढू नका. चंद्रपूरले छापून घेतो, रंगीत."

मी म्हटलं, पाकिटावर आधीच छापलेलं होतं.

"लोकं वाचत नाई ना, भाऊ."

"मी वाचलं होतं," मी म्हटलं. "मी सगळं वाचतो. वाचून अर्धंच केलं."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची बाई तं बरी झाली ना?"

"झाली."

"मंग? तिकडल्या गावात कोणाले झटके येते, कोणाले नाई, तुमाले कोण विचाराले येणार हाय?"

हेच तर. तिथल्या माणसाला झटका आला, तर त्याच्या घरचे म्हणतील तो गोळी घेत नाही. आणि त्याला म्हणतील तोंड उघड.

हे मी त्यांना बोललो नाही. नाही एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "पागल झाले तुमी." मी म्हटलं, बोअरची मोटर तयार आहे, घेऊन जा. घेऊन गेले.

माजरीला फोन लावला. कुलदीपच्या बायकोनं उचलला. सीता शिलाईच्या क्लासला गेली होती. काही निरोप आहे का, म्हणाली. मी म्हटलं, नाही, सहज.

म्हणून इथे लिहितो, कशाला नाही म्हटलं ते. एकशे वीस पेट्या, सगळ्या माझ्या हाताखाली करायच्या, प्रत्येकीवर पितळेच्या पाटीत माझं पूर्ण नाव, हरिदास शामराव दुर्गे, पोंभुर्णा. सागाचं लाकूड आणि वाळा त्यांचा, मजुरी आणि हक्क माझा. चार लाख ऐंशी हजार रुपये.